चार पायऱ्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका मावशींचा अंत्यविधी झाला. आयुष्याची अखेरची नऊ वर्षे त्यांनी चाकांच्या खुर्चीत काढली. चर्च त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते. सकाळची घंटा झाली की त्या ओटीवर येऊन बसत, क्रूसाची खूण करीत आणि ध्वनिक्षेपकावरून वाऱ्याबरोबर जेवढी येईल तेवढी मिस्सा ऐकत. नऊ वर्षांत चर्चच्या आत त्या एकदाच गेल्या. चर्चच्या दारापुढे चार पायऱ्या आहेत. एका नाताळच्या रात्री चौघा तरुणांनी त्यांना खुर्चीसकट उचलले. पोरांची भावना निर्मळ होती. परंतु दुसऱ्या पायरीवर खुर्ची एका अंगाला कलली, मावशींचे लुगडे विस्कटले, त्यांनी भीतीने डोळे मिटून घेतले आणि भोवतालच्या माणसांनी माना वळवून पाहिले. घरी परतल्यावर त्या मुलाला एवढेच म्हणाल्या, “पुन्हा मला गोणीसारखी उचलू नका रे.” त्यानंतर त्या गेल्या नाहीत. अंत्यविधीच्या दिवशी मात्र त्याच चार पायऱ्या त्या सहा जणांच्या खांद्यांवरून विनासायास चढल्या. त्या सहांत एक खांदा आमचाही होता.

ही हकिगत सांगताना कोणा एका फादरांवर अथवा कोणा एका समितीवर बोट रोखावे, असा आमचा हेतू नाही. बोट रोखायचेच झाले तर ते प्रथम आमच्याकडे वळेल. काही वर्षांपूर्वी चर्चच्या पुढील अंगणाचे काम निघाले, तेव्हा त्या बैठकीत आम्ही बसलो होतो. जुन्या पायऱ्यांवर चकचकीत ग्रॅनाइट बसवावा, असे एकमताने ठरले. कोणीतरी हळूच विचारले, “फादर, बाजूने एक रॅम्प नाही का करता येणार?” “पुढच्या टप्प्यात पाहू,” असे उत्तर आले. त्यावर कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. तो पुढचा टप्पा अद्याप उगवलेला नाही, आणि ज्यांच्यासाठी तो यायचा होता त्यांतील काही जण आता दफनभूमीत विसावले आहेत.

ते मौन मोडावे म्हणून हा लेखनप्रपंच. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : चर्चच्या, हॉलच्या, शाळेच्या आणि दवाखान्याच्या दारात रॅम्प असणे ही अपंगांवर केलेली कृपा नाही. तो त्यांचा हक्क आहे. हा हक्क नाकारणे हा अन्याय आहे, मग तो कितीही प्रेमाने आणि कितीही गोड शब्दांत नाकारलेला असो.

या पायऱ्या कोणी दुष्ट बुद्धीने बांधल्या नाहीत, हे प्रथम मान्य करू या. आमचा वसईचा पट्टा सखल. पावसाळ्यात वाड्यांतून पाणी साचते, जमिनीची ओल भिंतीत चढते. पूर्वजांनी घरांची आणि देवळांची जोती उंच घेतली ती या अनुभवातून. उंच जोत्यावर उभ्या असलेल्या चर्चला एक भारदस्तपणाही लाभतो. त्या काळी चाकांची खुर्ची गावात कोणी पाहिली नव्हती. पांगळा माणूस घरात खाटेवर पडून राही, नाहीतर सणासुदीला चर्चच्या दारात हात पसरून बसे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात असाच एक जन्मपांगळा मनुष्य यरुशलेमच्या मंदिराच्या दारात बसलेला आपल्याला भेटतो. लोक त्याला रोज उचलून आणीत आणि दारात ठेवून स्वतः आत जात. पेत्राच्या शब्दाने त्याच्या पायांत बळ आले, तेव्हा त्या पायांनी त्याने सर्वांत प्रथम काय केले? तो मंदिरात गेला. इतकी वर्षे त्याला भिक्षा मिळत होती. मिळत नव्हता तो आतला प्रवेश. आपल्या पूर्वजांना जे ठाऊक नव्हते त्याचा दोष त्यांना लागत नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. म्हणून आपण त्यांच्या आड लपू शकत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अपंगांना समान संधी देणारा पहिला व्यापक कायदा आपल्या देशात १९९५ साली झाला आणि १९९६ च्या फेब्रुवारीत तो अमलात आला. सार्वजनिक इमारतींत रॅम्प असावेत, असे त्यात सांगितले होते. परंतु शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी पळवाटही त्यात होती. त्या पळवाटेतून पुढची वीस वर्षे निघून गेली. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारास संमती दिली आणि त्याला अनुसरून २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम संमत झाला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. या कायद्यात ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे काय, याची व्याख्या दिली आहे. सरकारी असो वा खासगी, जिथे सर्वसाधारण जनता जाते ती सार्वजनिक इमारत. आणि अशा वापरांच्या यादीत शिक्षण, व्यापार, आरोग्यसेवा यांच्या जोडीने धार्मिक वापरही स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे. म्हणजे मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि आमचे चर्च ही सारी या व्याख्येत येतात. नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती सुगम्य कराव्यात, असे कायदा म्हणतो. नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले. पाच वर्षे जून २०२२ मध्ये पूर्ण झाली. नव्या इमारतीचा आराखडा या निकषांत बसत नसेल तर तिला बांधकामाची परवानगीच देऊ नये, हेही त्याच कायद्यात आहे.

“हे सारे सरकारी कचेऱ्यांसाठी असेल, देवाच्या घराला कोण विचारतो?” असे कोणी म्हणेल. अमेरिकेने १९९० साली जो कायदा केला त्यात धार्मिक संस्थांना खरोखरच वगळले आहे. ज्या कायद्यासाठी त्याच वर्षीच्या १२ मार्चला अपंग माणसे आपल्या खुर्च्या व कुबड्या खाली ठेवून वॉशिंग्टनच्या संसद भवनाच्या पायऱ्या रांगत चढली, त्या कायद्याचे हात चर्चच्या दारापाशी थांबले. आपल्या देशाच्या कायद्याने ती सूट दिलेली नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात निकाल देताना सुगम्यतेचे निकष नुसते शिफारसवजा राहू शकत नाहीत, असे सांगितले आणि किमान निकष सक्तीचे करणारे नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. न्यायालयाला जे स्पष्ट दिसले ते आम्हांला वेदीसमोर गुडघे टेकूनही दिसू नये काय?

परंतु आपण ख्रिस्ती माणसांनी देशाच्या कायद्याच्या धाकाने हे करावे, ही गोष्ट आम्हांला स्वतःलाच लाजिरवाणी वाटते. आपल्या ख्रिस्तसभेचा स्वतःचाही कायदा आहे. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये ‘चर्च’ या शब्दाची व्याख्या १२१४ व्या कलमात आहे. उपासनेसाठी जिथे प्रवेश करण्याचा श्रद्धावंतांना हक्क आहे अशी पवित्र वास्तू, असा तिचा आशय. व्याख्येतच ‘हक्क’ हा शब्द आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ज्या वास्तूत एखादा श्रद्धावंत प्रवेशच करू शकत नाही, ती त्याच्यापुरती चर्च राहिली काय, हा प्रश्न आम्ही विचारतो आणि त्याचे उत्तर धर्मपंडितांवर सोपवतो. याच ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या जुन्या कायद्यात शारीरिक व्यंग असलेल्या पुरुषाच्या दीक्षेला अडसर होता. वेदीवरील सेवा सुरक्षितपणे वा शोभेलशा रीतीने करता येणार नाही, अशी त्यामागची भूमिका. १९८३ च्या कायद्यातून तो अडसर गेला. कागदावरची पायरी रोमने काढून टाकली. दगडाची पायरी काढणे आपल्याकडे आहे, आणि ती तिथेच आहे.

या विषयावर बोलू लागले की काही ठरावीक उत्तरे ऐकू येतात. ती देणारी माणसे आपलीच आहेत, सज्जन आहेत. म्हणून त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिले उत्तर असे : “चाकांच्या खुर्चीतली माणसे आपल्याकडे येतातच कुठे? कोणासाठी बांधायचा रॅम्प?” ज्या विहिरीला रहाट नाही तिथे कोणी पाणी शेंदताना दिसत नाही, म्हणून गावाला तहान नाही असे म्हणावे, तसा हा युक्तिवाद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. ही माणसे कोणत्या तरी गावात, कोणत्या तरी धर्मग्रामात राहतातच. ती चर्चमध्ये दिसत नाहीत याचे कारण चर्चच्या दारात आहे. शिवाय अपंगत्व म्हणजे जन्मजात पांगळेपण एवढेच नव्हे. गुडघ्यांची झीज, पक्षाघात, मोडलेले खुब्याचे हाड, दिवस भरलेली गर्भारीण, बाबागाडी ढकलणारी आई, कुबड्या घेतलेला अपघातग्रस्त तरुण, या सर्वांना पायरी अडते. आपल्या वाड्यांतून म्हातारी माणसे वाढली आहेत, मुले नोकरीसाठी दूरदेशी गेली आहेत. आज जे कठड्याला धरून पायरी चढतात ते उद्या ती चढू शकणार नाहीत. रॅम्प आपण दुसऱ्या कोणासाठी बांधतो, हा समजच चुकीचा आहे.

दुसरे उत्तर : “आमची मुले उचलून नेतात की! त्यात प्रेम दिसते.” प्रेम दिसते हे खरे. परंतु ते प्रेम कोणाला हवे आहे, हे उचलल्या जाणाऱ्याला कोणी विचारले काय? प्रौढ माणसाने दर रविवारी परक्या हातांत आपला देह सोपवावा, तोल जाईल म्हणून जीव मुठीत धरावा, बायामाणसांनी वस्त्रे सावरीत चारचौघांच्या नजरा झेलाव्यात, आणि वर आभारही मानावेत? उशिरा आले तर उचलणारे आत गेलेले असतात; मध्येच उठून बाहेर पडावेसे वाटले तर पुन्हा चौघांना खुणावावे लागते. आपण पायी चालत जाणारे कोणाच्याही परवानगीवाचून चर्चमध्ये जातो, एखाद्या सुन्या दुपारी एकटेच मागच्या बाकावर जाऊन बसतो, डोळे पुसतो, उठून येतो. ते एकांत पाच मिनिटांचे बसणे चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला मिळत नाही. उचलून नेण्यात ते कधीच मिळणार नाही.

तिसरे उत्तर अधिक नाजूक आहे : “आम्ही त्यांच्यासाठी घरी कम्युनियन घेऊन जातो.” ही सेवा करणाऱ्या धर्मगुरूंविषयी, धर्मभगिनींविषयी आणि प्रापंचिक सेवकांविषयी आमच्या मनात आदरच आहे. ही प्रथा अतिप्राचीन आहे. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन सांगतो की, जे हजर नसत त्यांच्याकडे डीकन ख्रिस्तप्रसाद पोहोचवीत असत. पण ही सोय जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी आहे. ज्यांना आपण येऊ देत नाही त्यांच्यासाठी ती पळवाट होऊ शकत नाही. मिस्सा म्हणजे केवळ ख्रिस्तप्रसादाचा तुकडा नव्हे. तो जमलेल्या मंडळीचा यज्ञ आहे. एकत्र गायलेले गीत, शेजाऱ्याला दिलेली शांतीची खूण, मिस्सेनंतर अंगणात झालेली विचारपूस, हे सारे डबीत घालून घरी नेता येत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने ८५ वर्षांवरील नागरिकांना आणि ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना घरून मतदानाचा पर्याय दिला. म्हणून मतदान केंद्रावरचे रॅम्प त्याने काढून टाकले नाहीत. पर्याय आणि पर्यायाच्या नावाखाली घातलेली बंदी यांतला फरक सरकारी यंत्रणेला कळतो. तो आपल्याला कळू नये, हे खेदजनक आहे. आमच्या कितीतरी शाळा मतदान केंद्रे होतात, तेव्हा दारात लाकडी फळ्यांचा तात्पुरता रॅम्प लागतो. संध्याकाळी पेट्या गेल्या की फळ्याही जातात. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत एखादे अपंग लेकरू यायचे असेल, हा विचार फळ्या उचलताना कोणाच्या मनात येत नाही.

चौथे उत्तर पैशांचे. “निधी नाही.” आम्ही येथे कोणताही आकडा देत नाही. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्याच हिशेबाची वही उघडावी आणि गेल्या पाच वर्षांत फेस्ताच्या मंडपावर, रोषणाईवर, बँडवर, फटाक्यांवर आणि जेवणावळींवर काय खर्च झाला ते पाहावे. मग गावच्या गवंड्याला बोलावून चार फूट रुंद आणि चोवीस फूट लांब काँक्रीटच्या उताराचा खर्च विचारावा. दोन्ही आकडे रविवारी वेदीवरून वाचून दाखवावेत. त्यानंतरही निधी नाही असे कोणी म्हणाले, तर आम्ही आमचे शब्द मागे घेऊ.

पाचवे उत्तर सौंदर्याचे. “दर्शनी भागाची शोभा जाईल, वास्तू जुनी आहे.” जुन्या वास्तूचा आम्हांलाही अभिमान आहे. दगडाला न छेडता, त्याला न चिकटवता उभा करता येईल असा लोखंडी अथवा लाकडी उतार बसवता येतो. बाजूच्या दाराने, जोत्याच्या कडेने वळवून तो नेता येतो. पण मागल्या अंगाने, स्वयंपाकाची भांडी जिथून आत जातात तिथून, कुलूप लावलेल्या दारातून अपंगांना आत घेणे हे आम्ही सुगम्यता मानीत नाही. पाहुण्याला मागील दाराने घेणाऱ्या घराची आपण काय कीर्ती सांगू? आणि शोभेचा प्रश्न निघालाच आहे, तर सांगावेसे वाटते की चर्चच्या दर्शनी भागाची खरी शोभा त्यातून आत जाणाऱ्या माणसांत असते.

उत्तरे संपली. आता ज्यांनी रॅम्प बांधले आहेत त्यांच्याविषयीही दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण वाईट रॅम्प हा रॅम्प नसण्यापेक्षा घातक असतो. अनेक ठिकाणी दिसतो तो उतार मोटारसायकली चढवण्यासाठी अथवा केटरिंगच्या गाड्या नेण्यासाठी केलेला असतो. निकष साधा आहे : एक फूट चढायला बारा फूट लांबी. पायरी सहा इंचांची धरली तर चार पायऱ्यांची उंची दोन फूट, म्हणून उतार चोवीस फूट. जागा कमी म्हणून तो आठ फुटांत बसवला तर काय होते? माणूस व खुर्ची मिळून ८० किलो वजन धरा. १ : १२ च्या उतारावर ढकलणाऱ्याला सुमारे साडेसहा किलोंचा भार वर लोटावा लागतो, वयस्क पत्नीही तो कसाबसा पेलू शकते. दोन फूट उंचीला आठ फूट, म्हणजे १ : ४ चा उतार केला, तर तोच भार सव्वाएकोणीस किलोंच्या वर जातो, आणि खुर्ची मागे उलटण्याचे भय वेगळेच. सरळ जागा नसेल तर उतार मध्ये सपाट वळण देऊन काटकोनात फिरवावा. रुंदी निदान चार फूट असावी, वर आणि खाली खुर्ची वळेल एवढी सपाट जागा असावी, दोन्ही बाजूंना धरायला कठडे असावेत आणि चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून कडेला उंचवटा असावा. पृष्ठभाग खरखरीत हवा. आमच्या पावसात गुळगुळीत ग्रॅनाइटवर धडधाकट माणूसही टिकत नाही. दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी. दुसरी फळी बोल्ट लावून कायम बंद ठेवायची आणि मग रॅम्पची फीत कापायची, यात अर्थ नाही.

आत गेल्यावर काय? खुर्ची ठेवायला जागा नसेल तर ती वाटेत उभी राहते आणि कम्युनियनच्या रांगेला अडथळा होते. मग त्या माणसाला आपण ओझे आहोत असे वाटू लागते. मधल्या दोन बाकांची लांबी थोडी कमी केली तर घरच्यांच्या शेजारी बसता येईल अशी जागा होते. वाचन करणाऱ्याचा मंच पायऱ्यांवरच असेल तर चाकांच्या खुर्चीतल्या शिक्षिकेला देवशब्दाचे वाचन कधीच करता येणार नाही. कन्फेशनची पेटी, पॅरिश हॉल, स्वच्छतागृह, दफनभूमीची वाट, यांकडेही याच नजरेने पाहायला हवे. आणि आवारातील लुर्डसच्या मातेच्या ग्रोटोकडेही पाहावे. फ्रान्समधील ज्या लुर्डसमध्ये मिरवणुकीत रुग्णांना आणि अपंगांना चाकांच्या गाड्यांतून मानाने पुढे नेले जाते, त्या मातेच्या पायाशी मेणबत्ती लावायला आमच्या आवारांत अनेकदा पाच-सहा पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांची ती माता, तेच खाली उभे!

कफर्णहूमच्या त्या घराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पक्षाघाती मनुष्याला चौघांनी आणले. दारात गर्दी होती. म्हणून त्यांनी छप्पर उघडले आणि त्याची खाट येशूपुढे खाली सोडली. या गोष्टीवरील प्रवचनांत त्या चौघांच्या श्रद्धेची स्तुती होते आणि ती रास्तच आहे. परंतु आम्हांला आता दारातल्या गर्दीविषयी बोलावेसे वाटते. ती गर्दी देवाचे वचन ऐकायलाच आली होती. त्यातील कोणीही त्या मनुष्याचा वैरी नव्हता. कोणी त्याला हाकलले नाही. ते फक्त जागचे हलले नाहीत, आणि तेवढ्याने दार बंद झाले. येशूने फोडलेल्या छपराबद्दल एका शब्दानेही तक्रार केली नाही. छपराची किंमत आणि माणसाची किंमत यांत त्याचा हिशेब पक्का होता. आपण स्वतःला त्या चौघांत मोजतो. खरे तर आपण त्या गर्दीत आहोत.

वाचक विचारतील : सार्वजनिक जीवनात एवढी ठिकाणे असताना फक्त चर्चवर रोख का? रेल्वेच्या पुलावर चढणे काय सोपे आहे? बँकेच्या, पोस्टाच्या, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाच्या पायऱ्या नाहीत काय? आहेत. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियानाची घोषणा झाली, तरी अपंग माणसाला दाखला काढायला अजून कित्येक जिने चढावे लागतात. त्यांच्याविरुद्ध बोललेच पाहिजे. निवेदने दिली पाहिजेत. गरज पडली तर अपंग आयुक्तांपर्यंत गेले पाहिजे. पाणी, हिरवाई आणि जमीन यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेला हा समाज आहे. त्याला मोर्चा कसा काढावा हे शिकवायला नको. परंतु ज्या दिवशी आपण महापालिकेच्या दारात जाऊन रॅम्प मागू, त्या दिवशी तिथला अधिकारी आपल्याला विचारील, “तुमच्या चर्चला आहे का हो?” त्या प्रश्नाला उत्तर असल्याशिवाय आपल्या निवेदनाला वजन येणार नाही. म्हणून आरंभ घरातून.

२४ डिसेंबर २०२४ च्या रात्री रोममध्ये ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले गेले. पोप फ्रान्सिस चाकांच्या खुर्चीत बसून त्या दारापाशी आले आणि सेंट पीटर्स बॅसिलिकेत सर्वांत प्रथम ती खुर्ची आत गेली. आमच्यापैकी अनेकांनी ते दृश्य दूरदर्शन संचावर पाहिले, हात जोडले. पुढल्या एप्रिलमध्ये ते देवाघरी गेले, तेव्हा आपण त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण केल्या. आम्ही एवढेच विचारतो : तेच पोप त्या खुर्चीत बसून आमच्या चर्चच्या दारात आले असते, तर आम्ही काय केले असते? रातोरात रॅम्प बांधला असता, याविषयी आम्हांला शंका नाही. सिमेंट मिळाले असते, गवंडी मिळाले असते, निधीही मिळाला असता. मग मावशींसाठी ते का मिळाले नाही? जे लहानातल्या लहानासाठी केले ते आपल्यासाठी केले, असे मानणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी आहोत ना?

आमची सूचना अगदी साधी आहे. पुढच्या फेस्ताच्या आधी प्रत्येक विभागातील मंडळींनी आपल्या वाडीतील घरोघरी जावे आणि पायऱ्यांमुळे चर्चला येत नाही असे कोण कोण आहे, त्यांची यादी करावी. त्या यादीतल्या दोन-तीन जणांना पॅरिश कौन्सिलच्या बैठकीला बोलवावे. बैठक वरच्या मजल्यावर असेल तर ती खाली आणावी. रॅम्प कुठे हवा, कसा हवा, हे त्यांना विचारावे आणि बांधून झाल्यावर पहिल्यांदा तो त्यांनाच वापरून पाहू द्यावा. ‘पुढचा टप्पा’ हे शब्द इतिवृत्तातून खोडून तिथे तारीख लिहावी.

मावशींच्या ओटीवर आता कोणी बसत नाही. पण त्यांच्यापासून तीन घरांपलीकडे एक निवृत्त शिक्षक राहतात. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. सकाळची घंटा झाली की तेही चाकांची खुर्ची दारापर्यंत आणतात आणि चर्चच्या दिशेने पाहतात. त्यांच्या अंत्यविधीला खांदा देण्याची वेळ आमच्यावर येईल तेव्हा येवो. त्याआधी येत्या रविवारी ते आपल्या बाकाशेजारी बसलेले आम्हांला पाहायचे आहेत.